सातवा आकडा

हेल्दुरने पोस्टाने सहा डब्या मागवल्या,
काडेपेटीएवढ्या, पांढऱ्या.
एक तळघरात, बटाट्यांपाशी.
एक माळ्यावर. एक सौनाच्या दाराबाहेर.
एक पियानोच्या पोटात, जो आता कुणी वाजवत नाही.
एक झोपायच्या खोलीत,
आणि एक अंगणात, सफरचंदाच्या उत्तरेच्या फांदीला.

तार नाही, काही नाही.
दर मिनिटाला हवेतून निरोप:
ऊब एवढी, ओल एवढी.
तेव्हापासून तो सकाळी भिंतीवरच्या पडद्याला विचारतो,
बाहेर थंडी किती.
मी दार उघडून नाक बाहेर काढते.
नाकपुड्या आतून चिकटल्या की उणे वीस.
बहुतेक वेळा आमचं दोघांचं जमतं.

फेब्रुवारीत एके दिवशी
पडद्यावर सातवा आकडा उगवला.
सदतीस पूर्णांक सहा.
हेल्दुर घरभर फिरला, डब्या मोजल्या. सहाच.
"कुणाचं तरी यंत्र आपल्याकडे बोलतंय," तो म्हणाला,
आणि मग हळूच,
"एमी, कुणाला तरी ताप आहे."

ताप चढतो, उतरतो. हा हलेचना.
तो वहीत लिहीत राहिला, बिचारा,
रोज सदतीस सहा, रोज ओल पंचेचाळीस,
दोन आठवडे, त्याहून जास्त.
मग एका सकाळी ओल एकदम पासष्टवर गेली
आणि मला हसू फुटलं.
ताप कसला, म्हटलं,
ही तर खुडूक कोंबडी!
माझी आई अखेरच्या तीन दिवसांत
अंड्यांवर कोमट पाणी शिंपडायची.
बोटांनी, असं, देवळात शिंपडावं तसं.
तिच्याकडे पडदा नव्हता.

त्याच रात्री व्होरूमध्ये उणे सव्वीस.
तामुला तळं बर्फाखाली कण्हत होतं.
मी पाणी प्यायला उठले आणि बघितलं:
छत्तीस नऊ.
उभी राहिले.
छत्तीस दोन.
पस्तीस चार.

हेल्दुरने पायजम्यावरच कोट चढवला,
पडदा भिंतीवरून उचकटून छातीशी धरला,
मी टॉर्च घेतला.
कासे रस्त्यावर दोन म्हातारे,
एक आकडा वाचतोय, एक घसरतेय.
बेकरीपाशी खुणेची एकच रेघ.
पोस्टापाशी दोन.
वळणावरच्या पिवळ्या घरापाशी चारही उभ्या.

दार उघडलं ते बारा-तेरा वर्षांच्या पोराने,
अंगावर रजई, पायात नमद्याचे बूट.
आई रात्रपाळीला, इस्पितळात.
आम्ही कोण, हे त्याने विचारलंच नाही.
हेल्दुर म्हणाला, "तुझी अंडी गार पडतायत."
आणि तो पोरगा, कौर त्याचं नाव,
आमच्याकडे न बघता आत पळाला.

फ्यूज गेला होता, हीटरच्या भाराने.
हेल्दुर पाटीवर काम करत असताना
मी बाटल्यांत गरम पाणी भरलं, लोकरीत गुंडाळलं,
पेटीच्या चारी बाजूंना लावलं.
मग तिघं जमिनीवर बसलो
आणि एक आकडा चढताना बघितला.
एवढा वेळ आम्ही एकत्र काहीच बघितलं नव्हतं.

बारातली सात फुटली.
एक पिल्लू लंगडं निघालं, तेच सगळ्यात भांडकुदळ.

निघताना कौर म्हणाला,
"माझ्या पडद्यावर तुमचंही दिसतं.
तळघर. पियानो.
पियानो कुठला ते कळत नव्हतं,
मला वाटायचं एखादं कपाट असेल, फार कोरडं.
आणि एक खोली आहे, रात्रभर बारा डिग्री.
तिथे कुणी राहत नाही ना?"

हेल्दुर खिडकी उघडी टाकून झोपतो.
एकेचाळीस वर्षं.
मी लोकरीचे मोजे घालून, दोन.

मी काही बोलले नाही.
तोही बोलला नाही, घरी येईपर्यंत.

आल्यावर पडदा भिंतीला परत टांगला,
थोडा तिरका.
मग अंधारात कडी सरकल्याचा आवाज आला.
मी डोळे मिटूनच होते.
सकाळी बघितलं,
सतरा.